‘सॅन डिमेट्रिओ लंडन’ बघितला, आणि आजोबांच्या दाराबद्दल विचारायचंय

कातळकडा

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून एक जुना ब्रिटिश सिनेमा लावला, ‘सॅन डिमेट्रिओ लंडन’, १९४३ चा, ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे दुसरं महायुद्ध चालू असतानाच काढलेला. अर्धा तास बघून झोपू म्हंटलं आणि शेवटपर्यंत बघितला, मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर १९४०. मालवाहू जहाजांचा एक काफिला कॅनडाच्या हॅलिफॅक्सहून इंग्लंडकडे निघालाय, त्यात सॅन डिमेट्रिओ नावाचा टँकर, पोटात ११,२०० टन विमानाचं पेट्रोल. मधेच जर्मन युद्धनौका गाठते, गोळे पडायला लागतात, टँकर पेटतो, कॅप्टन सगळ्यांना जहाज सोडायला सांगतो. एका होडीत १६ जण. अटलांटिकमधे, थंडीवाऱ्यात, दोन दिवस हेलकावे खात. आणि मग समोर एक जळतं जहाज दिसतं, जवळ जाऊन बघतात तर ते त्यांचंच! बुडालेलं नाही, फुटलेलं नाही, जळतंय आणि पेट्रोल डेकवर सांडतंय. होडीतच चर्चा होते की वर चढायचं का नाही. शेवटी चढतात, आग विझवतात, इंजिन चालू करतात आणि नकाशा नाही, होकायंत्र नाही, वायरलेस नाही अशा अवस्थेत जहाज घरी आणतात.

आता माझा प्रश्न. आमचे आजोबा गुहागरकडचे, आगबोटीवर तेलवाला होते, इंजिनात. लढाईत त्यांचं जहाज बुडालं होतं एवढंच घरात सगळ्यांना माहीत. ते १९८३ ला गेले तेव्हा मी ७ वर्षांचा, त्यामुळे विचारायचं राहूनच गेलं. आजी सांगायची की ते म्हणायचे, “मी दर्या पेटलेला बघितलाय.” आम्ही पोरं ते गोष्टीतलंच समजायचो. सिनेमात लाटेवर आग तरंगताना बघितली आणि आजीचा आवाज कानात आला.

दुसरी गोष्ट दाराची. आजोबा पडवीतल्या खोलीत झोपायचे आणि दार कधीच लावायचे नाहीत, पण सताड उघडंही ठेवायचे नाहीत. दाराच्या कडीला सुंभ बांधून ते भिंतीतल्या खुंटीला अडकवायचे, वीतभर फट राहील एवढंच. पावसाळ्यात पाणी आत यायचं, आजी वैतागायची, एकदा काकांनी सुंभ सोडून दार ओढून घेतलं तर आजोबा रात्री ओरडत उठले होते म्हणे. चपला दाराकडे तोंड करून. ही सवय शेवटपर्यंत होती. याचा जहाजाशी काही संबंध असेल का? का म्हातारपणाचा हट्ट?

आणि सिनेमातली गोष्ट किती खरी, किती बनवलेली? आणि आपल्याकडच्या खलाशांवर असा एखादा सिनेमा आहे का? या सिनेमात मला एकही आपला माणूस दिसला नाही.

---

जुना_इंजिनिअर

आधी दाराचं सांगतो कारण ते वाचून मी दोन मिनिटं तसाच बसून राहिलो.

तुमचे आजोबा हट्टी नव्हते. टॉर्पेडो किंवा गोळा लागला की जहाजाचं सगळं अंग पिळवटतं, आणि पहिल्यांदा काय होतं तर दाराच्या चौकटी वाकतात. दार बंद असेल तर ते चौकटीत असं जाम होतं की चार माणसांनी खांदा दिला तरी उघडत नाही, आणि आतला माणूस तिथेच राहतो. म्हणून युद्धात केबिनची दारं हुकाला अडकवून वीतभर उघडी ठेवायची पद्धत होती. पूर्ण उघडी नाही कारण बाहेर उजेड दिसायला नको आणि जहाज डुललं की दार आपटतं. लोक कपड्यांसकट झोपायचे, लाइफजॅकेट उशाला, बूट पायाशी. आमच्या उमेदवारीच्या काळात एक दोन जुने सारंग आणि टिंडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, अजून कामावर होते ज्यांनी लढाई बघितलेली, त्यांच्या केबिनचं दार मी कधी बंद बघितलं नाही. तेव्हा मी विचारलं नाही, फार नंतर एका जुन्या चीफ इंजिनिअरने सांगितलं तेव्हा कळलं. तुमच्या आजोबांनी घरात हुक नव्हता म्हणून सुंभ बांधला, एवढाच फरक.

आणि इंजिनातल्या माणसाला ही भीती जास्त असते. डेकवरचा निदान समुद्र बघत असतो. तेलवाला, आगवाला, कोयलावाला हे सगळे पाण्याच्या पातळीच्या खाली. बाहेर काय चाललंय काही दिसत नाही, फक्त आवाज. वर यायला लोखंडी शिड्या, त्या पण तेलकट. वॉचवर, म्हणजे पाळीवर, चार तास तसे काढायचे आणि मग वर येऊन परत झोपायचं, आठ तासांनी परत खाली उतरायचं. स्वतःच्या पायाने. हे मला सगळ्यात कठीण वाटतं.

आता सिनेमाचं. मी ३४ वर्षं इंजिनरूममधे काढली, त्यातली बरीचशी टँकरवर, त्यामुळे हा सिनेमा मी चार वेळा तरी बघितला असेन. गोष्ट खरी आहे, मुळापासून खरी. काफिल्याचं नाव एचएक्स ८४, ३८ जहाजं, तारीख ५ नोव्हेंबर १९४०, हल्ला करणारी जर्मन युद्धनौका अ‍ॅडमिरल शेअर. टँकर परत ताब्यात घेणारे मुख्य दोघं, सेकंड ऑफिसर हॉकिन्स आणि चीफ इंजिनिअर पोलार्ड. जहाजाचा ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती खोली, जळून गेलेला, त्यामुळे मागच्या बाजूच्या आणीबाणीच्या चाकावर सुकाणू धरायचं आणि दिशा ठरवायची ती आभाळ बघून, अंदाजाने. १६ नोव्हेंबरला ते स्कॉटलंडमधे क्लाइड नदीच्या मुखाशी पोचले. जवळजवळ सगळं पेट्रोल शाबूत.

लोकांना वाटतं की पेट्रोलने भरलेलं जहाज म्हणजे एका ठिणगीत संपलं. तसं नसतं. द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि ती पण हवेत ठराविक प्रमाणात मिसळली तरच. टाकी गच्च भरलेली असेल तर वाफेला जागा कमी आणि आतली वाफ इतकी दाट की पेटायला हवाच पुरत नाही. म्हणून भरलेल्या टँकरपेक्षा रिकामा, न धुतलेला टँकर आम्हाला जास्त भीतीदायक वाटायचा. पण! इथे डेकला गोळ्यांनी भोकं पडलेली, प्रत्येक लाटेबरोबर पेट्रोल वर उसळून डेकवर पसरतंय, आणि त्याच डेकवर आगी धुमसतायत. म्हणजे टाकीच्या आत धोका कमी आणि नेमकं जिथे माणसं चालतायत तिथे सगळ्यात जास्त. ती भोकं बुजवत बुजवत हे लोक काम करत होते. बुटाची नाल घासली तरी ठिणगी.

आणि इंजिन चालू करणं. हे डिझेलचं जहाज होतं, वाफेचं नाही. मोठं डिझेल इंजिन किल्ली फिरवून चालू होत नाही, त्याला कॉम्प्रेस्ड हवा मारून फिरवावं लागतं, ती हवा भरायला कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसर चालवायला जनरेटर, आणि खाली पाणी साठलेलं ते उपसायला पंप. एक एक गोष्ट दुसरीवर अडलेली. अंधारात, टॉर्चच्या उजेडात, दोन दिवस होडीत भिजलेल्या माणसांनी हे केलं. सिनेमात इंजिनचा पहिला ठोका ऐकू येतो तेव्हा सगळे गप्प होतात. तो क्षण मी स्वतः अनुभवलाय, बंद पडलेलं जहाज वादळात परत चालू झालं तेव्हाचा. शंभर टक्के तसाच असतो.

त्या सोळातला एक जण, जॉन बॉइल, ग्रीझर होता, म्हणजे तुमच्या आजोबांचंच काम. होडीत उडी मारताना त्याला आतून मार लागला होता. कोणाला सांगितलं नाही, जमेल तसं इंजिनात काम करत राहिला आणि जहाज घरी पोचायच्या आधी गेला. सिनेमात तो आहे. बघताना लक्ष द्या त्याच्याकडे.

किनारा जवळ आल्यावर मदतीला जहाजं आली, दोर टाकतो म्हणाली, यांनी नको म्हंटलं. कारण दुसऱ्याने ओढून नेलं असतं तर जहाज वाचवल्याच्या बक्षिसावरचा यांचा हक्क कमी झाला असता. कोर्टाने पुढे १४,७०० पौंड वाटून दिले, बॉइलच्या घरच्यांना पण वाटा मिळाला. हा पैशाचा भाग सिनेमात दाखवलाय हे मला आवडतं. ती कामगार माणसं होती, घर चालवायचं होतं.

टँकर दुरुस्त होऊन परत कामाला लागला आणि मार्च १९४२ मधे अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ एका पाणबुडीने बुडवलाच. तेव्हा सिनेमा यायचा पण होता.

---

सिनेमावेडी

इंजिनिअर काका, काय लिहिलंय. परत बघणार आता.

मी सिनेमाच्या बाजूने थोडं सांगते. हा ईलिंग स्टुडिओचा, दिग्दर्शक चार्ल्स फ्रेंड. तो मधे आजारी पडला तेव्हा काही भाग रॉबर्ट हेमरने केला. मोठा स्टार कोणीच नाही आणि ते मुद्दाम आहे, हिरो असा एक नाहीच, सोळा जणांत गोष्ट वाटलेली. समुद्राचे बरेच सीन स्टुडिओच्या टाकीतले आहेत आणि ते कळतं, पण होडीतले चेहरे इतके खरे वाटतात की चालून जातं.

त्याच सुमाराला हॉलिवूडने पण एक काढला, ‘अ‍ॅक्शन इन द नॉर्थ अटलांटिक’, १९४३, हम्फ्री बोगार्ट. रशियात मुर्मान्स्कला माल नेणाऱ्यांची गोष्ट. आगी, स्फोट सगळं दणदणीत, पण सगळं स्टुडिओत केलेलं आणि भाषणं जरा जास्त. एकदा बघा, पण सॅन डिमेट्रिओनंतर बघितलात तर फिका वाटेल.

खरा बघायचा तो ‘वेस्टर्न अ‍ॅप्रोचेस’, १९४४. दिग्दर्शक पॅट जॅक्सन, कॅमेरा जॅक कार्डिफ. त्यात एकही नट नाही! सगळे खरे खलाशी, आणि होडी खरोखरच्या समुद्रात, वेल्सच्या बाजूला आयरिश समुद्रात. आणि रंगीत! तेव्हाचा टेक्निकलर कॅमेरा म्हणजे गोदरेजच्या कपाटाएवढं धूड, ते होडीत घालून लाटांमधे शूट केलंय. गोष्ट अशी की टॉर्पेडो लागलेल्या जहाजाची माणसं होडीत आहेत, जर्मन पाणबुडी त्यांना मारत नाही, तर गळाला लावलेल्या आमिषासारखं तिथेच राहू देते, म्हणजे वाचवायला येणारं जहाज टिपता येईल. होडीतल्यांना हे कळतं तेव्हा समोरून वाचवणारं जहाज येत असतं. आता त्याला ये म्हणायचं का येऊ नको म्हणायचं? पुढचं सांगत नाही.

त्या माणसांची बोलायची पद्धत अवघडलेली आहे कारण ते नट नाहीत. पण थंडीने हात कसे चोळतात, पाण्याचं भांडं एकमेकांकडे देताना कसं दोन्ही हातांनी देतात, ते कुठल्याही नटाला जमलं नसतं.

---

आडवा_पाऊस

चांगले सिनेमे आहेत मान्य, पण हे सगळे युद्धातले प्रचारपट आहेत हे विसरू नका. सरकारला लोकांनी खलाशी म्हणून भरती व्हायला हवं होतं, रेशन का कमी आहे ते लोकांना पटवायचं होतं. वेस्टर्न अ‍ॅप्रोचेस तर सरकारी फिल्म युनिटनेच काढलाय. आणि गोरे खलाशी सोडून दुसरं कोणी समुद्रावर होतंच नाही असं यातून वाटतं. मला तरी असे सिनेमे बघताना राग येतो.

---

बोरीबंदर_पूर्व

आडवा_पाऊस, राग बरोबर आहे तुमचा, पण सिनेमा टाकून देऊ नका. त्याच काफिल्यात थोडं बाजूला बघा, आपली माणसं तिथेच आहेत.

एचएक्स ८४ मधे अजून काय झालं ते सांगतो. ५ तारखेला संध्याकाळी अ‍ॅडमिरल शेअर दिसली तेव्हा ३८ मालवाहू जहाजांच्या संरक्षणाला एकच जहाज होतं, जर्विस बे. ती मुळात प्रवासी बोट, तिच्यावर जुन्या तोफा बसवलेल्या. कॅप्टन फेगनने काफिल्याला पांगायला सांगितलं आणि स्वतः सरळ शेअरच्या अंगावर गेला. त्याच्या तोफांचे गोळे तिथपर्यंत पोचतच नव्हते, शेअरच्या ११ इंची तोफा मात्र त्याला सोलून काढत होत्या. तो बुडाला, पण तेवढ्यात अंधार पडायला लागला आणि बहुतेक जहाजं निसटली. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळाला. रात्री एक स्वीडिश मालवाहू जहाज, स्टुरेहोम, आपल्या खलाशांना विचारून परत त्याच जागी गेलं आणि जर्विस बेचे ६५ जण पाण्यातून काढले. शेअर आसपासच असताना! यावर वेगळा सिनेमा व्हायला हवा होता.

त्या संध्याकाळी काफिल्यातली पाच मालवाहू जहाजं बुडाली. त्यातल्या एकाचं नाव होतं ‘मैदान’. हो, आपलं मैदान. ब्रॉकलबँक नावाची लिव्हरपूलची कंपनी, तिचा धंदा कलकत्त्याशी, म्हणून जहाजांना हिंदुस्थानी नावं द्यायची. त्यांचं एक ‘माथेरान’ पण होतं, ते आधीच्याच महिन्यात, ऑक्टोबर १९४० ला, दुसऱ्या काफिल्यात पाणबुडीने बुडवलं. माथेरान, अटलांटिकच्या तळाशी. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत परत वाचलं.

मैदानवर नव्वदएक माणसं होती. एकही वाचला नाही. आता इंजिनिअर काका सांगतील, त्या काळच्या मालवाहू जहाजावर गोरा क्रू असेल तर चाळीसएक माणसं पुरत. नव्वद म्हणजे हिंदी क्रू, कारण हिंदी खलाशांना पगार इतका कमी की कंपन्या दुप्पट माणसं घ्यायच्या. कलकत्त्याच्या जहाजांवर बहुतेक सिल्हेट, नोआखाली, चितगावकडचे. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर आपले रत्नागिरीकडचे, गोव्याचे, आणि पंजाब, सरहद्दीकडचे. म्हणजे एकाच काफिल्यात, एकाच संध्याकाळी, एका जहाजाचे सोळा जण घरी आले त्यांच्यावर सिनेमा निघाला, आणि दुसऱ्या जहाजाचे नव्वद जण गेले त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा त्यांच्या गावात आज कोणाला माहीत नसतील. सॅन डिमेट्रिओच्या लोकांचं श्रेय मी कमी करत नाहीये, ते खरंच शूर होते. पण मैदानची गोष्ट सांगायला कोणी उरलंच नाही, आणि ज्यांना विचारता आलं असतं अशा मुंबई कलकत्त्याच्या हजारो खलाशांना कोणी विचारलं नाही.

युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा साधारण चौथा माणूस हिंदुस्थानी होता. पगार गोऱ्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. १९३९ मधे युद्ध सुरू होताहोताच आपल्या खलाशांनी लंडनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत बंदरांत काम थांबवलं, पगार वाढवा, गरम कपडे द्या म्हणून. कित्येकांना तुरुंगात टाकलं. पण पगार थोडा वाढवावा लागला. बघा, हे भेकड म्हणून नाही, मरायला पाठवताय तर माणसासारखं वागवा म्हणून.

सिटी ऑफ बनारस या प्रवासी जहाजाचं माहीत असेल. सप्टेंबर १९४०, बॉम्बहल्ल्यापासून वाचवायला ९० इंग्लिश मुलं कॅनडाला पाठवत होते, रात्री टॉर्पेडो लागला, त्यातली ७७ मुलं गेली. तिच्यावरचा बहुतेक क्रू हिंदी. ते पातळ सुती कपड्यांत, वादळी थंडीत. एक होडी, १२ नंबरची, कोणाला सापडलीच नाही, आठ दिवस भरकटत होती. ४६ जण होते तिच्यात, सहा मुलं, एक बाई, एक पाद्री, मोजके गोरे, आणि बाकी ३२ आपले खलाशी. पाणी रोज घोटभर. शेवटी विमानाला दिसली. इंग्लंडमधे त्या सहा मुलांवर आणि मुलांना आठ दिवस गोष्टी सांगणाऱ्या मेरी कॉर्निशवर खूप लिहिलं गेलं, आणि ते योग्यच. बत्तीस जणांबद्दल मात्र “लास्कर होते” (हिंदी खलाशांना इंग्रज असंच म्हणायचे) एवढं एका ओळीत.

कातळकडा, मुंबईत आलात तर मशीद बंदर पूर्वेला इंडियन सेलर्स होम आहे तिथे जाऊन या. तिथे दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांचं स्मारक आहे, दुसऱ्या युद्धातली सहा हजारांवर नावं. तीच नावं चितगावला पण ठेवलीत. तुमचे आजोबा वाचले म्हणून त्यांचं नाव नसेल, पण त्यांच्याबरोबरचे असतील. आणि घरात डिस्चार्जचं पुस्तक आहे का शोधा. प्रत्येक खलाशाकडे असायचं, कुठल्या जहाजावर कधी चढला, कधी आणि कुठे उतरला, कामाचा शेरा काय. ब्रिटिश पुस्तकांत जहाज बुडालं असेल तर उतरल्याच्या जागेपुढे बंदराचं नाव नसतं, “अ‍ॅट सी” लिहिलेलं असतं. तेवढं एक सापडलं तर जहाजाचं नाव आणि तारीख मिळते, पुढचं सगळं शोधता येतं.

---

जुना_इंजिनिअर

बोरीबंदर, माणसांच्या आकड्याचं तुमचं बरोबर आहे. कोळशाचं जहाज आणि हिंदी क्रू म्हंटलं की ऐंशी नव्वद माणसं सहज. त्यातली निम्म्यावर खाली, भट्टीपाशी.

एकच जोडतो. बरीच वर्षं जहाज बुडालं की खलाशाचा करार तिथेच संपायचा. होडीत बसून मरणाशी झगडताय त्या दिवसांच्या पगाराची खात्री नाही. इंग्लिश खलाशांसाठी हे १९४१ मधे बदललं. आपल्या लोकांच्या घरी कोकणात मनीऑर्डर यायची थांबली की बायकांना तिथूनच कळायचं काहीतरी झालंय.

---

मांडवीकर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे जहाजावर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि आमच्या वाड्यावर एक घर सोडून एक तारवटीचं. बहुतेक सलूनमधे, म्हणजे स्वयंपाकी, स्टुअर्ड, बेकर. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावाचे कूड होते, जहाज मिळेपर्यंत तिथे राहायचं, एक पेटी भिंतीला लावून ठेवायची, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचं. माझी आजी सांगायची की लढाईत कूडातल्या काही पेट्यांना वर्षानुवर्षं कोणी हात लावत नव्हतं. मालक येईल म्हणून ठेवलेल्या.

सिनेमाचा विषय निघालाय तर आमच्या मुरगाव बंदरात पण एक घडलंय. लढाई लागली तेव्हा तीन जर्मन मालवाहू जहाजं, एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स, इथे येऊन अडकली, नंतर एक इटालियन आन्फोरा पण. गोवा पोर्तुगीजांचा, तटस्थ, म्हणून सुरक्षित. ती माणसं साडेतीन वर्षं बंदरात अडकून होती. ९ मार्च १९४३ ला रात्री इंग्रजांनी कलकत्त्याहून माणसं पाठवून एरेनफेल्सवर हल्ला केला आणि क्रूनी जहाजं स्वतःच पेटवून बुडवली. त्याच्यावर ‘द सी वुल्व्हज’ म्हणून १९८० ला सिनेमा आला, ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन, शूटिंग पण गोव्यातच. पण तो हल्ला करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. साडेतीन वर्षं घर न बघितलेल्या खलाशांचं त्यात काही नाही, आणि मला खरं तर तेच बघायला आवडलं असतं. खलाशी कुठल्याही देशाचा असो, त्याची पेटी आमच्या कूडातल्या पेटीसारखीच असणार.

---

सिनेमावेडी

कातळकडा, आपल्या खलाशांवरचा असा पूर्ण सिनेमा मला तरी सांगता येत नाहीये, खूप वाईट वाटतंय हे लिहिताना. जवळ जाणारा एक सांगते, नॉर्वेचा ‘वॉर सेलर’, २०२२. साधी माणसं, युद्ध सुरू झालं तेव्हा समुद्रावर होती म्हणून घरी जाताच आलं नाही, मालवाहू जहाजावर अडकली. आणि युद्ध संपल्यावर पुढे काय होतं, घरी परत आलेला माणूस घरातला राहतो का, ते त्यात आहे. झोपेचं पण आहे. तुमच्या आजोबांचं दार वाचून मला तोच आठवला. एकट्याने नका बघू.

---

कातळकडा

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला कारण गावी जाऊन आलो.

आत्याला इंजिनिअर काकांनी दाराबद्दल लिहिलेलं वाचून दाखवलं. ती ७८ वर्षांची आहे, त्याच घरात राहते. काही बोलली नाही, उठून आत गेली आणि मला वाटलं चहा ठेवायला गेली. परत आली ती पत्र्याची बिस्किटाची डबी घेऊन. त्यात रेशन कार्ड, आजीच्या नथीची पावती, आणि खाली तेलकट कागदात गुंडाळलेलं पुस्तक. कापडी बांधणी, कोपरे कुरतडलेले. तिला माहीत होतं ते आहे, पण इंग्रजी म्हणून कोणी उघडून बघितलं नव्हतं, मी पण कधी विचारलं नव्हतं.

आत रकाने आहेत, बोरीबंदर यांनी सांगितले तसेच. जहाजाचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, जागा. पहिल्या पानांवर सगळीकडे बॉम्बे, बॉम्बे, बॉम्बे. मग १९४२ ची एक ओळ, तिथे शाई वेगळी आहे, अक्षर पण वेगळं, आणि जागेच्या रकान्यात बॉम्बे नाही. “अ‍ॅट सी.”

आणि त्याच्या खालचीच ओळ, चार महिन्यांनंतरची. दुसरं जहाज. काम तेच, तेलवाला. म्हणजे ते परत गेले. चार महिन्यांत परत खाली इंजिनात गेले. हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं, आम्ही समजत होतो जहाज बुडालं आणि ते घरी आले ते आलेच. पुस्तकात त्यानंतर अजून अकरा ओळी आहेत, शेवटची १९५८ ची.

जहाजाचं नाव मिळालंय, इथे लगेच टाकत नाही, आधी नीट तपासतो. पुढच्या महिन्यात मशीद बंदरला जाणार आहे, आत्या पण येते म्हणाली. तिला तिथल्या स्मारकातली नावं मोठ्याने वाचून हवी आहेत, ती म्हणाली आजोबा कधी कधी झोपेत दोन नावं घ्यायचे, ऐकली की तिला आठवतील.

पडवीतली खुंटी अजून आहे. सुंभ गेलाय, पण दाराच्या कडीला घासून घासून एका बाजूला चर पडलीय, बोट फिरवलं की लागते.